पिवळे राहिलेले कागद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगतोय, आणि तरीही सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

झाशीत फवारणी यंत्रांची तपासणी होते, तिथे मी नोकरीला आहे. नोझलमधून थेंब किती बारीक निघतील, त्यातले किती पानापर्यंत पोचतील, हे मी संगणकावर मांडतो. श्रीकांत तेच मैदानात मोजायचा. पिवळे कागद पसरायचे, वरून फवारायचं. थेंब पडेल तिथे कागद निळा होतो. मग निळे डाग मोजायचे.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका नव्या नोझलवरून आमचं जुळेना. माझ्या हिशेबाने बहुतेक थेंब खाली पोचत होते. श्रीकांतचे कागद जवळजवळ पिवळेच. त्याने भर दुपारी लूच्या तापल्या वाऱ्यात पुन्हा पुन्हा फवारून पाहिलं — तेच.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मला कारण सापडलं. हवेतला दमटपणा मी आमच्या कूलरच्या खोलीतला भरला होता. बाहेरच्या कोरड्या हवेत बारीक थेंब वाटेतच सुकत होते. श्रीकांत बरोबर होता. एक आकडा बदलायला कितीसा वेळ लागतो? मी बदलला नाही. का? माझे आलेख साहेबांकडे पोचले होते — आणि माझं गणित चुकत नाही, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, खरं कोणाचं मानायचं? श्रीकांत माझ्याकडेच बघत होता. मी म्हणालो, "काग़ज़ ठीक से नहीं बिछाए होंगे।"

तो कंत्राटी होता. नोझल पास झालं, त्याचं कंत्राट पुढे वाढलं नाही. त्याच्या बाजूने बोलू शकणारा एकच माणूस होता — तो गप्प बसला. जाताना श्रीकांतने उरलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "सांभाळा, दादा. तुमच्या खोलीत फार ओल असते."

त्याला कळलं होतं? मी विचारलं नाही. तेव्हापासून मांडतोही मीच, मोजतोही मीच. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. डबा उघडला की तास कसा जायचा कळायचं नाही. घरी मुलं माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देतात. आता दुपारी मी खिडकीकडे तोंड करून जेवतो.

मागच्या वर्षी कामासाठी झाशीजवळच्या मोठ गावी गेलो होतो. फवारणीच्या पंपाचा वायसर गेला. बाजारात पंपदुरुस्तीचं दुकान दिसलं, आत शिरलो — गल्ल्यामागे श्रीकांत. केस पिकलेले.

"आइए साहब, बैठिए।"

मी म्हणालो, कसा आहेस रे?

"सब ठीक है, साहब।"

त्याने वायसर बदलला, पंप दाबून बघितला, फडक्याने पुसून दिला. मी तेवढा वेळ स्टुलावर बसून होतो. बोलायला कुणी अडवलं होतं? दुकानात तिसरं माणूस नव्हतं.

किती झाले, विचारलं. चाळीस म्हणाला. मी चाळीस रुपये त्याच्या हातात ठेवले आणि पंप उचलून बाहेर पडलो.