कंपनीबाई

सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी जेवणच टाकलं. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस. एखाद्या शब्दाचं मूळ सांगता सांगता ज्यांचा चहा गार व्हायचा, ते आता ताट पाहिलं की भिंतीकडे तोंड करत. मी भरवून पाहिलं, नवऱ्याने रागावून पाहिलं. जेमतेम दोन चमचे पोटात जात. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर पुढच्या आठवड्यात नाकातून नळी घालावी लागेल."

म्हणून त्यांच्यासाठी दिवसभराच्या एक बाई ठेवल्या. अंगाने भरलेल्या, तोंडाने मोकळ्या. पहिल्याच दुपारी मी त्यांच्या हातात सुपाची वाटी आणि चमचा दिला, तर वाटी सासऱ्यांपुढे सरकवून त्यांनी सरळ स्वतःचा डबा उघडला.

"आजोबा, हात शाबूत आहेत तुमचे, मी काही भरवायची नाही. पण जरा कंपनी द्या. एकटीला घास उतरत नाही."

"कंपनी म्हणजे काय, ठाऊक आहे?" कित्येक दिवसांनी त्या आवाजाला धार आली होती. मी ओट्यापाशीच थबकले.

"जी बंद पडली नि माझा नवरा घरी बसला, ती."

सासरे चक्क हसले. "अहो, लॅटिनमध्ये 'कुम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव. आपला पावसुद्धा त्याच घराण्यातला. एका पावाचे वाटेकरी ते सोबती. पुढे सोबत लढणाऱ्यांची कंपनी झाली, मग सोबत धंदा करणाऱ्यांची."

"म्हणजे पाव गेला नि धंदा राहिला." बाईंनी डब्यातला पाव मोडला आणि अर्धा त्यांच्यापुढे ठेवला. "घ्या. नाहीतर तुमचंच शिकवणं खोटं पडायचं."

ते त्यांना कसं चालावं? त्यांनी पाव सुपात बुडवला, सावकाश चघळला, गिळला. मग विचारलं, "काय करतो आता तुमचा नवरा?"

गप्पांत अर्धी वाटी संपली. पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले तेव्हा सासरे बाईंबरोबर टेबलाशी जेवत होते. नळीचा विषय निघालाच नाही.

आता बाई दुसरीकडे कामाला जातात, पण या बाजूला आल्या की डबा घेऊन येतात. त्या दिवशी सासरे मला बजावतात, "कंपनीबाई आल्याशिवाय वाढू नकोस."

परवा मी बाईंना म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडायचे हो?"

"उपकार कसले, वहिनी," त्या डबा धुता धुता म्हणाल्या, "मला तर भूक लागली होती."