एकशे तीस ठोके

काकूंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, अंडी मात्र पक्की राहत. छापखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं काढली, पण अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याचं नाव विचारलं तर त्या डोकं खाजवत. त्याचं अंडं विचारा, लगेच सांगत: हाफ फ्राय, मीठ नाही, मिरपूड हवी, आणि पिवळं फुटलं तर स्वारीचं तोंड दिवसभर फुगलेलं. बाइंडरला ऑम्लेट कडेने करपलेलंच लागे. न करपलेलं त्याला आजाऱ्याचं जेवण वाटे. मुद्रितशोधक उकडलेल्या अंड्यातलं फक्त पांढरं खाई आणि पिवळं बाइंडरच्या ताटलीत अशा थाटात ठेवी, की जणू दागिनाच दिला. "एवढे नखरे माझ्या सासरच्यांनीसुद्धा केले नाहीत," असं काकू म्हणत, आणि प्रत्येकाचा नखरा बरोबर सांभाळत.

सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे फोरमन. त्यांना उकडलेलं अंडं लागे, पांढरं घट्ट आणि पिवळं वाहतं. कच्चं राहिलं की नाक मुरडत. घट्ट झालं की कॅन्टीनच्या दारात येऊन सगळ्यांदेखत विचारत, "काकू, हे खायचं की खेळायचं?" आणि ताटली परत करत. काकू ते अंडं तिथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर, चवीने खाऊन टाकत. 'छान झालंय' असं या माणसाने सव्वीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. ताटली परत आली नाही, की समजायचं.

कॅन्टीनमध्ये घड्याळ नव्हतं आणि काकूंचं त्यावाचून काही अडतही नसे. भिंतीपलीकडे फोरमनचं मोठं मशीन होतं. एक कागद छापला की एक ठोका, आणि त्या ठोक्यासरशी ओट्यावरच्या बशा थरथरत. फोरमनचं अंडं म्हणजे उकळत्या पाण्यात एकशे तीस ठोके, मुद्रितशोधकाचं तीनशे. काकू कांदा चिरत, पाव भाजत, कुणाची तरी फिरकी घेत आणि मनातल्या मनात मोजत राहत. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटायचं नाही, पण मोजणी कधी चुकली नाही.

एकदाच घोटाळा झाला. कॅलेंडरं छापायची घाई होती आणि फोरमननी कुणाला न सांगता मशीन पळवलं. काकूंनी ठोके बरोबर मोजले, पण एकशे तीस वेळेआधीच संपले. फोरमननी चमच्याने टवका काढला आणि सगळं कच्चं अंडं त्यांच्या शर्टावर.

"काकू, हे काय?"

"मला काय विचारता? तुमच्या मशीनला विचारा!"

अख्खा छापखाना हसला. फोरमन सगळ्यांत शेवटी हसले, पण हसले.

पुढे संगणक आले, मोठं मशीन भंगारात गेलं आणि छापखान्याला टाळं लागलं. काकू लेकीकडे राहायला गेल्या. लेक फोनवर मिनिटं लावून अंडी उकडे. अंडी चांगली होत. पण टेबलाशी बसलेलं कुणीच त्यांना नावं ठेवत नसे, ताटली परत करत नसे, आणि काकूंना त्याचंच वाईट वाटे. दुपारी झोप लागता लागता त्यांना भिंतीपलीकडचे ठोके ऐकू येत आणि जाग आली की घर फार शांत वाटे.

अशाच एका सकाळी फोरमनच्या सुनेचा फोन आला.

"काकू, बाबांनी चार दिवस काही खाल्लं नाही. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नळी घालू. मी काहीही पुढं केलं की म्हणतात, छापखान्यातलं अंडं आण. आता ते मी कुठून आणू?"

काकू तशाच निघाल्या.

फोरमन पलंगावर पडून होते. केवढा धिप्पाड माणूस, पण चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं. काकूंच्या काळजात चर्र झालं. त्यांनी तसं दाखवलं नाही.

"आलात? मग पाणी ठेवा," फोरमन म्हणाले.

काकूंनी सुनेच्या स्वयंपाकघरात पाणी उकळलं, अंडं सोडलं आणि मोजायला लागल्या. पण ठोका नाही, तर मोजायचं कशावर? कधी घाई होई, कधी मधलेच आकडे गळत. अंडं कच्चं निघालं. फोरमननी एक चमचा ओठांना लावला आणि तोंड फिरवलं.

"मोजलं नाहीत."

"कशावर मोजू? मशीन कुठंय?"

सुनेने डोळ्यांना पदर लावला. मग पलंगाशेजारच्या लाकडी टेबलावर ठक् झालं. फोरमनचा हात होता. पुन्हा ठक्.

"मशीन चालू केलंय. जा, दुसरं अंडं टाका."

काकू धावल्या. भिंतीपलीकडून ठोके येऊ लागले, बारीक, पण येऊ लागले. विसाव्या ठोक्यालाच त्यांच्या लक्षात आलं, मशीन हळू चालतंय. दोन ठोक्यांत मोठं अंतर पडतंय. साठाव्यानंतर ते आणखी वाढलं. या हिशेबाने अंड्याचा दगड होणार, आणि घट्ट अंडं फोरमन परत करणार, आणि मग उद्या नळी. पहिलं कच्चं निघाल्यावर आता किती ठेवायचं, याचा अंदाज काकूंना नव्हता असं थोडंच? हात अर्धा पुढे गेलाही. पण पलीकडे एक माणूस जीव एकवटून मशीन चालवत होता. त्याचं मशीन अर्ध्यात सोडून अंडं काढून घेणं काकूंच्याने होईना. त्या पातेल्यापाशी उभ्या राहिल्या आणि एकशे तीस पुरे झाल्यावरच अंडं काढलं.

फोरमननी टवका काढला. आत पिवळाधमक गोळा, वाहण्याचं नाव नाही. काकूंनी ताटली परत घ्यायला हात पुढे केला.

फोरमननी ती दिली नाही. सावकाश, चमचा चमचा करून सगळं अंडं संपवलं आणि म्हणाले, "छान झालंय."

काकूंना तिथे उभं राहवेना. त्या स्वयंपाकघरात आल्या आणि नळ सोडून धुतलेलंच पातेलं पुन्हा धुवायला लागल्या. मागोमाग सून आली, चेहरा नुसता फुललेला.

"खाल्लं हो काकू! सगळं खाल्लं! किती मिनिटं ठेवायचं ते सांगा, मी रोज करीन."

"मिनिटं नको गं मोजूस," काकू म्हणाल्या. "कच्चं राहो, दगड होवो, त्यांचा हात चालतोय तोवर ठेव."