मागून बघणारी आत्या

आमची आत्या कुणाच्याही घरी पुढच्या दारानं गेली नाही. लग्न असो, बारसं असो, ही आपली परसातून आत. चुलत भावासाठी मुलगी बघायला गेलो, तर पोह्यांना हात न लावता थेट मोरीपाशी जाऊन भांडी बघून आली. "म्होरनं समदेच चांगले आसत्यात. मागनं बगावं," हे तिचं ठरलेलं वाक्य. लोक वैतागायचे. ती खुशाल वैतागू द्यायची.

कऱ्हाटीला तिची तीन एकर जमीन. आतोबा गेल्यावर एकटीच कसायची आणि एमआयडीसीत नोकरीला असलेला मी तिच्याकडे राहायचो. गावात बहुतेकांचा ऊस, हिचा मात्र गहू. 'ऊस लाव आणि निवांत बस' असं सांगणारा रोज एक तरी भेटायचा. "ऊस खाऊन पोट भरतं व्हय रं तुजं?" असं ती त्यालाच विचारायची. पण गहू काढायचं हार्वेस्टर बाहेरून यायचं आणि आधी दहा एकर गहू करणाऱ्या आप्पांच्या रानात शिरायचं. वीस-वीस गुंठ्यांच्या तुकड्यांपाशी येईपर्यंत अवकाळीनं गाठलेलं असायचं. एका वर्षी शेजारच्या सखूचा गहू उभ्या उभ्या भिजून त्याला कोंब आले. सखू बांधावर बसून रडली. आत्या घरी येऊन म्हणाली, "मशीन आपलंच घ्यायचं. जुनं का हुईना."

गाव हसलं. बाईमाणूस हार्वेस्टर घेणार! हसू मलाही आलं होतं, पण तिच्या तोंडावर हसायची माझी काय बिशाद!

इंदापूरच्या रस्त्याला एकाकडे जुनी मशिनं विकायला होती. त्यानं दाखवलं ते भलं मोठं, नवा रंग मारलेलं, वर गाण्यांचा स्पीकर. "मावशी, घरात पुरुषमाणूस न्हाय का?" त्यानं विचारलं. "हाय की. त्यो काय, पिशवी धरून उभा हाय." तोवर ही मशीनच्या मागं पोचलेली. आतल्या चाळण्या गंजानं खाल्लेल्या. मग तिनं कमरेची दोरी सोडली. शेतात जायची आमची पाणंद जेवढी रुंद, तेवढीच मापून आणलेली. मशीनला लावली तर मशीन दोरीबाहेर. "नुसत्या मुंडावळ्या बांधल्यात," ती म्हणाली. "आन सखूच्या रानात ह्ये काय उडत जाणार हाय?"

परत येताना एका शेतात छोटं मशीन गहू काढत होतं. पत्रा पोचलेला, सीट फाटकी, एक दिवा फुटलेला. चौकशी केली, तर मालकाला विकायचंच होतं. दोरीत बसलं. मग आत्या चालत्या मशीनमागं पदर पसरून धावली. पदरात पडलेला भुसा तळहातावर चोळून फुंकला. मोजके दाणे. डोळे लालबुंद, केसात काड्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी बघतच राहिलो. "ह्ये दाणं फेकत न्हाय. घ्यायचं!" पाटल्या मोडून घेतलं. चालवायला मी शिकलो.

पहिल्याच दिवशी पट्टा तुटला. बघ्यांची ही गर्दी! आत्या बांधावर भाकरी सोडून बसली. "बगा, बगा. फुकाट हाय," म्हणाली आणि नवा पट्टा येईपर्यंत शांतपणे जेवली.

तिचा नियम एकच होता. ज्याचं रान लहान, त्याचं आधी. त्याच हंगामात आभाळ भरून आलं आणि आप्पा जीपमधून आले. "आक्का, माझं एका दमात हुईल. तुमचाच फायदा हाय."

"आप्पा, तुमचं भिजलं तर तुमी चिडाल. सखूचं भिजलं तर ती वरीसभर खाईल काय?"

"अवो, तुमचंबी उभंच हाय की!"

"हाय की. सखूच्या मागं आन तुमच्या म्होरं."

सखूचं निघालं, बाकीचे तुकडे निघाले, आणि आमच्या शेतात मशीन घातलं तेव्हाच पाऊस कोसळला. आमचा आणि आप्पांचा, दोघांचाही गहू काळवंडला. मला रडू फुटलं. "गप. आपलाच हाय, दुसऱ्याचा न्हाय," म्हणून तिनं माझ्याच डोक्यावर पोतं टाकलं. वर्षभर आम्ही त्याच काळपट चपात्या खाल्ल्या. दिवाळीत आप्पा आले, तर त्यांनाही वाढल्या. "घ्या, तुमच्याच पावसातल्या हायत." आप्पांनी पाट ओढून खाल्ल्या.

गेल्या पावसाळ्यात आत्या गेली. झोपेतच. माझ्या डोक्यावरचं छप्परच गेलं. भावकीनं पुढच्या अंगणात तिरडी बांधायला घेतली. मी म्हणालो, "मागच्या दारानं न्यायची." एकच गिल्ला झाला. असं कुठं असतं का, अपशकुन आहे, गाव काय म्हणेल! आयुष्यात पहिल्यांदाच मी ओरडलो, "गावाला काय म्हणायचंय ते म्हणू द्या!" आणि तिरडी उचलून परसात नेली.

परसात ते पत्रा पोचलेलं मशीन उभं होतं. त्याच्या कडेनं सखू आणि सगळे गुंठेवाले कधीचे येऊन थांबले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आप्पा तेवढे हार घेऊन पुढच्या दारात ताटकळत होते. मी परसातूनच हाक मारली, "आप्पा, मागं या. रांग हिकडं हाय."