पाठ माझी, तोंड तारिणीचं

"झाडू घे आणि वाक," सर म्हणाले. "चेहरा नको. पाठ पुरे."

मी वाकले. ओढणी कमरेला बांधायला सांगितली, बांधली. सर मोबाईलवर फोटो काढत होते. "अजून वाक की. तुला काय शिकवायचं? अम्माला रोज बघतेस, अल्वा? हो की नाही?" स्टुडिओतले सगळे हसले. मीपण हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये सरांच्या घराच्या माडीवर आमचं कॉमिक तयार व्हायचं. एजंट तारिणी. मोटरसायकलवरून गोळ्या झाडणारी, धटिंगणांना लोळवणारी हेर. गोष्ट सरांची, फोटो बघून काढलेली चित्रं त्यांच्या मित्राची, रंग माझे. मलाही चित्रंच काढायची होती. कामाला लागताना तसं सांगितलं होतं. सर म्हणाले, "रंगाऱ्यांची ना तुम्ही? रंग तुमच्या रक्तातच आहे." माझ्या आजोबांनी म्हैसूरात जन्मभर साड्या रंगवल्या, छापल्या. पण सर त्यांचं कौतुक करत नव्हते. माझी जागा दाखवत होते.

सरही मराठीच. पाहुण्यांशी इंग्रजी, स्टुडिओतल्या पोरांशी कन्नड. माझ्याशी मराठी काढली की समजायचं, कुणीतरी अर्धवट टाकलेलं काम आता माझ्या गळ्यात येणार. "तू आपलीच मुलगी," म्हणायचे. मारामारीच्या फोटोंना जिममधली एक गोरी मुलगी यायची. तिला खुर्ची, फिल्टर कॉफी, मॅडम मॅडम. या अंकात तारिणी मोलकरणीच्या वेषात मंत्र्याच्या बंगल्यात शिरणार होती. तेव्हा त्यांना मी आठवले.

पान रंगवायला माझ्याकडेच आलं. वाकलेली पाठ माझी. कमरेची गाठसुद्धा माझी. पुढच्या चौकटीत ती मान वर करते, तिथे जिमवालीचं तोंड. वर तारिणीचं वाक्य, मोलकरणीकडे कोण बघतं? सरांनी बजावलं होतं, वाकलीय तोवर काळी ठेव, उभी राहिली की गोरी कर. आणि मी निमूट तसं करत होते. घरी आणून करत होते.

अम्मा कामावरून आली. चार घरची भांडी घासून तिची बोटं पांढरी पडलेली. टॅबमध्ये डोकावली. "अय्यो, ही तू की ग. पाठ ओळखते मी." मग खालच्या चौकटीवर बोट ठेवलं. "मग हे तोंड कुणाचं?"

मला राग आला. आधी तिचाच आला, कशाला विचारते म्हणून. मग सरांचा. मग माझा स्वतःचा, आणि तो फार वेळ राहिला. मी ते तोंड पुसलं. तिथे माझं काढलं. माझ्या रंगाचं, माझ्या बसक्या नाकाचं. तसंच पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे काय? हेर अशी दिसते?"

"पाठ माझी आहे सर. तोंडही माझंच राहील."

"नाटकं नकोत. सुम्ने, गुपचूप बदलून दे. तुझ्यासारख्या रंगवणाऱ्या पैशाला पासरी मिळतात."

"बघा मग, त्यातली कोण वाकते."

पिशवी उचलली आणि जिना उतरले. कुणी हाक मारली नाही.

अंक निघाला. त्यात पाठ माझीच आहे, तोंड जिमवालीचं. तेच पान लोकांना फार आवडलं म्हणे. माझं नाव कुठेच नाही.

आता मी माझी हेर काढतेय. धुणीभांडी करणारी. कोण छापेल, माहीत नाही. फोटोला अम्मा उभी राहते. पहिल्यांदा मोबाईल धरला तर ती सवयीनं वाकली, हातात काही नसताना. मी म्हटलं, "अम्मा, सरळ उभी राहा. इकडे बघ."

"तोंड कशाला ग माझं?"

"तेच आधी काढणार आहे," मी म्हटलं. "ते झाल्याशिवाय दुसरी रेघ ओढणार नाही."