वहीतून फाडलेली पानं

कडेगावजवळच्या साखर कारखान्यात उसाच्या गाड्या वजन करायच्या काट्यावरचा संगणक मी बारा वर्षं सांभाळतोय. तो बंद पडला की मागं गाड्यांची रांग लागते आणि हाक मलाच येते. कधी बंद पडला, कधी सुरू झाला, हे मी वहीत लिहून ठेवायचो. ती वही कधी कुणी मागितली नव्हती.

मग माझी मामेबहीण सांगलीहून संख्याशास्त्र शिकून कारखान्यात लागली. साहेबांनी तिला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि काट्याचे बिघाड कमी कसे करायचे ते शोधायचं काम सोपवलं. त्या केबिनच्या दारात मी इतकी वर्षं उभाच राहिलो होतो.

"दादा, तुजी वही दे की," ती म्हणाली. "बिघाड नेमका कवा येणार ते न्हाई सांगता यायचं, पण किती दिवसांत यायची शक्यता हाय ते काढता येतंय."

"यंत्राची कुंडली मांडतीस व्हय?" मी हसलो, पण आतून जळत होतो. वही द्यायच्या आधी मी एका महिन्याची पानं फाडली आणि टेबलाच्या खणात ठेवली.

चार दिवसांनी ती काट्यावर आली. "एरवी आठवड्याला एकदा तरी बंद पडतंय. आन् ह्या महिन्यात एकदाबी न्हाई? असं सहसा हुईत न्हाई, दादा. पानं कुठं गेली?"

मी खण उघडून पानं तिच्या हातात दिली. "निसटली असतील," म्हणालो. वहीच्या शिवणीत अडकलेले कागदाचे कपटे तिनं पाहिले आणि पानं जागच्या जागी लावून घेतली. त्यानं जास्तच लागलं.

तिच्या हिशेबात निघालं, की माझ्या दुरुस्तीला फार वेळ जात नाही. वेळ जातो सांगलीहून सुटा भाग येण्यात. दुसरा संगणक तयार ठेवला, तर दोन्ही एकदम बंद पडायची शक्यता अगदी थोडी. हे मी कितीदा तोंडी सांगितलं होतं. तिनं कागदावर मांडलं आणि साहेबांनी बैठकीत तिचं कौतुक केलं. ती उठून म्हणाली, "नोंदी दादाच्या हायत." लोकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

दुसरा संगणक आला. पुढच्या हंगामात रांगा घटल्या. आता दुसऱ्या कारखान्यांतून तिला बोलावणी येतात. मागच्या महिन्यात म्हणाली, "चल की माझ्यासंगं."

काम आहे असं सांगून मी गेलो नाही. तसं काही काम नव्हतं.