मायनं हात लवकर काढला

माझ्या डाव्या पायात रक्ताची गाठ झाली, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरनं काही चिरलं नाही की फाडलं नाही. पालथं झोपवलं, गुडघ्यामागं टोचलं, शिरेतून बारीक नळी वर सरकवली आणि गाठ ओढून घेतली. टाका एकसुद्धा नाही! मी जागी होते, बडबडतही होते. आजी, जरा गप राहा, म्हणाला बिचारा.

पण त्याच्या आधी त्यानं विचारलं होतं, पाय चोळला का? चोळला होता. माझ्या भाचीनं, कोमट तेल लावून. तो असा भडकला! चोळलं की गाठ सुटते, छातीत जाऊन अडकते, माणूस बसल्या जागी जातं, म्हणाला. बाळंतिणीही जातात अशा. भाची माझ्या उशाशीच उभी होती. तिची आई बाळंतपणातच गेलेली. तिची आई, म्हणजे माझी अक्का.

महाराष्ट्र तेव्हा नवानवाच झाला होता. मी देऊळघाटच्या शाळेत चौथीत होते. अक्का पहिलटकरीण, माहेरी आलेली. मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं. मग मायचं राज्य सुरू झालं. बाजेखाली शेगडी, कान बांधलेले, आणि बाळंतिणीनं बाजेवरून उतरायचं नाही. अक्का म्हणे, अंगणात तरी जाऊ दे. माय ऐकते कशाला!

काही दिवसांनी अक्काचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला. पांढरा, टणक, चकाकणारा. मायनं निकाल दिला, पायात वारं भरलं. मायच्या हाताला गुण आहे असं सारं गाव म्हणायचं, आणि मायलाही ते पुरतं पटलेलं होतं. जवसाचं तेल गरम करून ती सकाळ-संध्याकाळ घोट्यापासून वर रगडायची. अक्का कळवळायची. बाबा म्हणाले, बुलडाण्याच्या दवाखान्यात नेऊ. ओल्या बाळंतिणीला वाऱ्यावर नेता का, म्हणून मायनं त्यांनाच झापलं.

एका सकाळी चोळून झाल्यावर माय हात धुवायला उठली. मी पाळणा हलवत होते. अक्का एकदम उठून बसली.

"माय, दम कोंडून राह्यला."

माय ओल्या हातानं धावत आली. तोवर अक्का गेली होती.

शेजारच्या बाया म्हणाल्या, नजर लागली. मला त्यांचा असा राग आला की मी पाण्याचा गडू अंगणात भिरकावला. मायनं मात्र कोणाला दोष दिला नाही. तिनं एकच धरून ठेवलं, "म्या हात लवकर काढला." आणखी थोडं चोळलं असतं तर पोरगी वाचली असती, हे तिचं दुःख. शेळीचं दूध पाजून नातीला वाढवलं, ते हेच ऐकवत. गावात कोणी बाळंत झाली की माय तेलाची वाटी घेऊन हजर, आणि दमली तरी हात थांबवायची नाही. नातीलाही तिनं तोच हात शिकवला.

दवाखान्यातून परत येताना भाची एस.टी.त खिडकीशी बसली. खामगाव मागं पडलं. मग म्हणाली, "मावशी, आजीले कधी कळलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "मरेपर्यंत म्हणे, हात लवकर काढला."

ती रडायला लागली. मीही रडले. लोक बघत होते, बघू देत.

माझा पाय आता बरा आहे. भाची वेळेवर गोळी देते, घट्ट मोजा चढवून देते, पण बोटं पायाला लागू नयेत म्हणून जपते. अंग चोळायला अजून बाया तिला बोलवायला येतात. मायचा हात तिच्यात हुबेहूब उतरलेला, साऱ्या गावाला ठाऊक आहे. ती दारातूनच सांगते, मले येत नाही.