विक्रोळीला थांबलेली गाडी

महिना होत आला. सुधाचा फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत बसले होते. "आई, काका गेले," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी मात्र, खरं सांगते, चिडले. थोड्याच दिवसांपूर्वी इस्पितळात भेटायला गेले होते, तर हा माणूस मला म्हणतो, "वहिनी, पुढच्या वेळी अळूवड्या आणा." अळूवड्या मागायच्या आणि निघून जायचं, ही काय रीत झाली?

दत्ताभाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. एका कारखान्यात नकाशे काढायचे, लग्न केलं नाही, मुलुंडला आमच्याबरोबरच राहिले. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी एक म्हातारी विलायती गाडी घेतली. सासूबाई तिला 'दत्ताची बायको' म्हणायच्या, आणि खरंच, बायकोचे होणार नाहीत एवढे तिचे लाड चालायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गाडी चिवचिवायला लागली. चालू केली की बॉनेटखाली चिमण्यांनी घरटं केल्यासारखा आवाज. भाऊजींनी चालू इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यावर थोडं पाणी शिंपडलं आणि कान देऊन उभे राहिले. चिवचिव क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली. "पट्टा सैल असता तर पाण्याने आवाज वाढला असता," ते मला म्हणाले. "हा सरळ रेषेत धावत नाहीये. गणपतीत डायनामो दुरुस्तीला दिला होता ना, तो परत बसवताना वॉशर राहिलं असणार. सण झाला की बघतो." सासूबाईंना कुठला दम निघायला! नरकचतुर्दशीला सगळ्यांची अभ्यंगस्नानं झाली आणि वाटीत उरलेलं सुगंधी तेल घेऊन त्या गुपचूप अंगणात गेल्या. आमच्या घरात झोपाळ्याची कडी कुरकुरली की तेल, दार वाजलं की तेल... मग गाडीनेच काय घोडं मारलं होतं? त्यांनी पट्ट्याला चांगलं चोळून अभ्यंग घातलं. आम्हाला कुणाला पत्ता नाही. आवाज बंद झाला म्हणून भाऊजी उलट खूश.

सुधा तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. दोन दिवस घसा धरून रडत होती, आणि पाडव्याच्या सकाळी तिच्या श्वासातून शीळ यायला लागली. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "घटसर्प आहे. इथे काही होणार नाही. शहरातल्या साथीच्या इस्पितळात न्या, आत्ताच्या आत्ता. घसा कधी बंद होईल, नेम नाही." हे फिरतीवर नागपूरला. भाऊजी आंघोळ करून नवा सदरा घालत होते, तसेच धावले.

भांडुपपर्यंत ठीक चाललं. मग पट्टा किंचाळायला लागला, आणि विक्रोळीजवळ बॉनेटमधून वाफ यायला लागली. भाऊजींनी गाडी कडेला घेऊन बंद केली. दोन्हीकडे झाडं आणि मोकळं रान, सणाचा दिवस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. इंजिनाचा आवाज थांबला आणि माझ्या मांडीवरची ती शीळ एकदम मोठी ऐकू यायला लागली...

"थांबलात कशाला? चला हो!"

"वहिनी, इंजिन उकळतंय."

"उकळू दे! जळू दे! गाडी प्यारी आहे तुम्हाला की पोर?"

त्यांनी बॉनेट उघडलं. पट्ट्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "आई गं..." म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "पट्ट्याला तेल आहे, तो घसरतोय. पाण्याचा पंप फिरत नाहीये. असंच दामटलं तर कुर्ल्याच्या आत इंजिन जाम होईल. मग काय करायचं आपण? मला थोडा वेळ द्या."

पलीकडे एका झोपडीपुढे एक बाई भांडी घासत होती. भाऊजींनी लांबूनच ओरडून सांगितलं, "बाई, पोरीला घटसर्प झालाय, जवळ येऊ नका, पण पाणी द्या!" ती आलीच. बादली ठेवली आणि वर म्हणाली, "धुण्याचा सोडा पन घे रे भाऊ, तेल काय नुसत्या पान्यानं जातंय व्हय?" भाऊजींनी पट्टा उतरवून सोड्याने खसाखसा धुतला, आणि पाडव्याचा नवा सदरा काढून त्याने कोरडा पुसला. हत्यारांची पिशवी उपडी केली. वॉशर नव्हतं.

"वहिनी, सुधाच्या कमरेचा करगोटा सोडा."

सासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात भोकाचा पैसा ओवून तिच्या कमरेला बांधला होता. माझा हात पुढे होईना. वाटलं, हा सोडला आणि पोर गेली! भाऊजी हात पसरून तसेच उभे. शेवटी मी दातांनी गाठ तोडली. त्यांनी तो दोरा पट्ट्याच्या दोन चाकांवर ताणून धरला. डायनामोचं चाक आत बसलेलं माझ्या डोळ्यांनासुद्धा दिसलं. बोल्ट काढून त्यांनी त्यात पैसा ओवला, पुन्हा आवळला, दोरा लावून बघितला, पट्टा चढवला. सुधाचे ओठ निळे पडत चालले होते. मी डोळे मिटून देवाला नाही नाही ते बोलत होते. बादलीतलं उरलेलं पाणी इंजिनात गेलं, हँडल फिरलं, आणि गाडी मुकाट्याने चालू झाली.

इस्पितळात तिच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली, इंजेक्शनं दिली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "श्वास लागलाय. वाचेल." भाऊजी बनियनवरच बाहेर गेले, गाडीत बसले, पण चावी काही लागेना. "वहिनी, आज नाही जमायची मला गाडी," म्हणाले आणि चाकावर डोकं ठेवून रडले. मग मीही रडून घेतलं. सासूबाईंना त्यांनी तेलाचं शेवटपर्यंत कळू दिलं नाही. "पट्टा जुना होता," एवढंच सांगितलं.

सुधा घरी आली आणि भाऊजींना एक खोड लागली. कामावरून आले की आधी ती झोपलीये का विचारायचे. झोपली असेल तर दाराशी जाऊन उभे राहायचे, तिचा श्वास ऐकायचे, मग चहा. ती कॉलेजात जायला लागली तरी तेच. "काका, जिवंत आहे मी!" ती आतून ओरडायची. तरी भाऊजी उभेच. लग्न होऊन ती पार्ल्याला गेली, माहेरपणाला आली, तरी उभेच.

परवा सुधा राहायला आली होती. दुपारी जेवून जरा आडवी झाली. मी चहा टाकायला म्हणून उठले, आणि बघते तर मीच तिच्या दाराशी उभी. आधी काही ऐकू येईना, पंख्याचा आवाज होता. मी पंखा बंद केला.